आवाजाचा दाखला

कपाट रिकामं करताना मला कुणीही अडवलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. नंतर जो तो "मी तेव्हाच म्हटलं होतं" असं म्हणायला लागला. कुणी काही म्हटलं नव्हतं. बाबांनी त्यांचा कोट आता कुठे टांगायचा एवढंच विचारलं. आई "नंतर सगळं आवरून ठेव" म्हणाली. शेजारच्या काकूंनी दारातून डोकावून "घर बदलताय का?" अशी जरा जास्तच आशेने चौकशी केली. एवढंच.

कपाट मला गोष्ट रेकॉर्ड करायला हवं होतं. हे वाक्य ऐकलं की लोक माझ्याकडे एका ठरावीक नजरेने बघतात, म्हणून फोड करून सांगते. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. कपाटात ब्लँकेटं आणि स्वेटर टांगून त्यांच्यामध्ये बसलं की घुमत नाही, स्वच्छ येतो. ही माहिती वायरची. वायर म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. तिच्या पर्समध्ये कंगवा मिळणार नाही, पण कुठल्याही फोनची कुठलीही वायर मिळेल. आमच्यातली तिसरी मैना. ती एका बँकेत फोनवर बसते. शिव्या द्यायला फोन केलेली माणसं तिचा आवाज ऐकून तिचीच माफी मागतात आणि फोन ठेवतात.

आणि मी लेखिका. हसायचं कारण नाही. आमची कंपनी मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे बनवते आणि त्या खोक्यांत जी माहितीपत्रकं असतात ती मी लिहिते. "भांडे बसवण्यापूर्वी बटण बंद असल्याची खात्री करा" हे माझं वाक्य आहे. माझ्याइतकं घरोघरी पोचलेलं लेखन फार थोड्यांचं असेल. ते एकानेही वाचलेलं नाही, हा भाग वेगळा. हे मी खात्रीने सांगते, कारण एकदा चिडून मी शेवटच्या सूचनेखाली "इथपर्यंत वाचलंत तर कृपया मला कळवा" असं लिहिलं होतं आणि ते तसंच छापून गेलं. कुणी कळवलं नाही. साहेबांनीही नाही, आणि त्यावर सही त्यांची होती.

तर माणसाने किती दिवस मिक्सरवर लिहायचं? मी एक गोष्ट लिहायला घेतली. तिचं नाव 'क्रेनवाली'. उंच इमारतीच्या बांधकामावर क्रेन चालवणारी बाई. दिवसभर वर एका काचेच्या केबिनमध्ये बसते, तिथून सगळ्या शहराच्या खिडक्या तिला दिसतात, आणि ती वॉकीटॉकीवर जे बोलेल ते खालच्या माणसांना ऐकावंच लागतं, कारण त्यांच्या डोक्यावर तिने उचललेलं लोखंड असतं. आम्ही तिघींनी मिळून तिला घडवलं. वायरची अट होती की तिला गोष्टीत कुणीही "एकटी जाऊ नकोस" म्हणणार नाही. मैनाची मागणी, की तिने रोज निदान एका तरी माणसाशी उद्धटपणे बोलायचं. मी म्हटलं, तिचा आवाज जाड असू दे.

"जाड कशाला?" वायर म्हणाली.

"असाच. पात्राला शोभतो."

मैत्रिणी जुन्या असल्या की काही गोष्टी मेहेरबानी म्हणून ऐकून सोडून देतात.

आता माझ्या आवाजाबद्दल सांगणं आलं. मी फोनवर 'हॅलो' म्हटलं की पलीकडून "नमस्कार साहेब" येतं. बाबांच्या विमा एजंटाने मला बाबा समजून बाबांच्या तब्येतीबद्दल अशा गोष्टी सांगितल्या आहेत की ज्या आईलाही माहीत नाहीत. एकदा गॅस सिलिंडरवाल्याने बंद दाराबाहेरून विचारलं, "दादा, घरात कुणी बाईमाणूस आहे का सिलिंडर घ्यायला?" मी म्हटलं, "मीच आहे." तो मनापासून हसला आणि निघून गेला. सिलिंडर दुसऱ्या दिवशी आला. शाळेत समूहगीताच्या बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. मी ते इतकं समरसून करायचे की कार्यक्रमानंतर एका पालकांनी माझ्या गाण्याचं कौतुक केलं. आणि आई? आई कधी वाईट बोलली नाही. फक्त पाहुणे आले की मी तोंड उघडायच्या आत ती "चहा टाक गं" म्हणायची. मी चहा उत्तम करते. उगीच नाही.

त्यामुळे ठरलं ते सरळच होतं. मी लिहायचं, मैनाने वाचायचं, वायरने रेकॉर्ड करायचं. श्राव्य गोष्टींची एक साइट होती. तिथे 'नवे आवाज' नावाचं सदर सुरू होणार होतं, आणि महिनाअखेरच्या आत मालिकेचे सगळे भाग दिले तर पहिल्या पानावर जागा मिळायची शक्यता होती. खातं माझ्या नावावर उघडलं, कारण लेखिका मी. खातं उघडताना साइटने सांगितलं, पडताळणीसाठी खातेदाराने पुढील वाक्य स्वतःच्या आवाजात वाचावं. वाक्य होतं, 'निळ्या टेबलावर पांढऱ्या बशा ठेवल्या आहेत.' मी फोन मैनाच्या हातात दिला.

"मी कशाला? खातं तुझं आहे."

"गोष्ट तूच वाचणार ना? मग बशाही तूच वाच."

वायर तेव्हा पलंगाखाली प्लग शोधत होती, नाहीतर तिने मला तिथेच झोडपलं असतं. मैनाने त्या बशा इतक्या प्रेमाने वाचल्या की मला एक क्षण खरोखर बशा विकत घ्याव्याशा वाटल्या. साइट म्हणाली, धन्यवाद, आपला आवाज नोंदवला गेला आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. अकलेचे कांदे दोघी.

पहिले काही भाग बरे गेले. मैना कपाटात, डोक्याला टॉर्च बांधून, मांडीवर कागद. वायर बाहेर, कानांवर हेडफोन. मी पलंगावर, कपड्यांच्या ढिगात, लेखिकेला शोभेल अशा चेहऱ्याने. मग आला तो भाग, ज्यात क्रेनवाली केबिनमध्ये अडकते. आमच्या कपाटाची कडी जुनी आहे. ती मनाला येईल तेव्हा बाहेरून आपोआप पडते. त्या दिवशी तिच्या मनाला आलं.

मैना आतून म्हणाली, "कुणी आहे का? दार उघडा." हे माझं वाक्य होतं. वायरने मला 'मस्त' म्हणून अंगठा दाखवला. मग मैना म्हणाली, "अगं उघडा ना, कडी पडलीय." हे माझं नव्हतं. मला रागच आला. मी दोन आठवडे घासून लिहिलेला संवाद, आणि ही बया मनाने भर घालते! पुढे ती "वायर, मेले गं, गुदमरतेय" म्हणाली, तेव्हा तर मी वायरला खुणेनेच सांगितलं की हे सगळं कापायचं आहे, क्रेनवाली असं रडकं बोलत नाही. वायर डोळे मिटून ऐकत होती. तिला ते फार भावलं होतं.

कपाटामागे काकूंची भिंत आहे. त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. थोड्याच वेळात बेल वाजली आणि ते दोघं सरळ माझ्या खोलीत आले. "कुणाला डांबून ठेवलंय?" सेक्रेटरी गरजले. तेवढ्यात कडी निघाली आणि डोक्यावर टॉर्च, गळ्यात बाबांचा मफलर, घामाने निथळणारी मैना बाहेर पडली. त्या अवस्थेतही ती सवयीने म्हणाली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." सेक्रेटरींचा चेहरा एकदम निवळला. पण संध्याकाळी नोटीस आलीच. विषय: सदनिकेत विनापरवाना ध्वनिनिर्मिती.

बाबा निवृत्त झाल्यापासून अशाच एखाद्या कागदाची वाट बघत होते. आयुष्यभर त्यांनी कचेरीत मसुदे लिहिले. त्यांनी उत्तर दिलं की ध्वनिनिर्मिती ही प्रत्येक सदनिकेत होते, विशेषतः सेक्रेटरींच्या सदनिकेत, त्यांचे जावई मुक्कामाला असतात तेव्हा. त्यावर स्मरणपत्र आलं. त्यावर बाबांनी खुलासा मागितला. तो पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि दोघांचीही तब्येत पहिल्यापेक्षा सुधारली आहे.

पण मैना मात्र सटकली. कडीमुळे नाही. दुसऱ्या दिवशी ती पलंगावर येऊन बसली आणि म्हणाली, "मला हे नाही जमत गं. दिवसभर मी दुसऱ्यांची वाक्यं गोड आवाजात म्हणते. संध्याकाळी कपाटात बसून पुन्हा तेच. क्रेनवाली म्हणते, 'बाजूला व्हा, वर लोखंड आहे.' माझ्या तोंडून ते कसं येतं बघ."

वायरने लावून दाखवलं. खरंच, क्रेनमधून लोखंड नाही, फुलांचा गुच्छ खाली येतोय असं वाटत होतं.

"ती माझ्यासारखी बोलतच नाही," मैना म्हणाली. "ती तुझ्यासारखी बोलते. तू वाच."

यावर मी बरंच मोठं भाषण केलं. लेखकाचं काम लिहिणं, वाचणं ही वेगळी कला, ज्याने त्याने आपापलं क्षेत्र सांभाळावं वगैरे. भाषण चांगलं झालं. पण आतून भीती वाटत होती, दुसरं काय? लिहिताना मी वाट्टेल ते लिहू शकत होते. तेच माझ्या आवाजात लोकांना ऐकवायचं म्हणजे ते ओठ हलवणं संपलं.

शेवटी मी तडजोड काढली. वाचेन, पण आवाज बारीक करून घेईन. याची कुणकुण काकूंना लागली आणि त्या नोटिशीचं वैर विसरून मदतीला धावल्या. मध झाला, वाफ झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. त्यांच्या एका भाच्याचा आवाज पूर्ण मौनाने सुधारला होता, म्हणून मी एक आख्खा रविवार मौन पाळलं. तो रविवार घरात सगळ्यांना फार आवडला. सोमवारी पाहिलं तर आवाज आणखी एक मजला खाली गेला होता. काकू म्हणाल्या, आधी बिघडतो, मग सुधारतो.

मग मी कपाटात बसले आणि गळा आवळून, बारीक आवाज काढून पहिला भाग वाचला. वायरने हेडफोन काढले.

"कोण आहे ही?"

"मी."

"तू नाहीस. मांजराच्या शेपटीवर कुणीतरी पाय दिलाय. पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. पुन्हा मांजर. तिसऱ्या खेपेला मी वाचत असताना वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. वरच्या घरात फरशी बदलत होते. आधीच मी वैतागलेली, घशात मध अडकलेला, वायर तोंड वेंगाडतेय, आणि वरून घर्रर्र. मी कपाटातून उठले, खिडकी उघडली आणि ओरडले, "अहो, थांबवा ते! खाली माणसं राहतात!"

ड्रिल थांबलं. इतकंच नाही, समोर एक गृहस्थ स्कूटर लावत होते तेही थांबले. पलीकडे कुणाचा तरी टीव्ही बंद झाला. पाच-सहा खिडक्यांतून माणसं डोकावली आणि माझ्याकडे पुढच्या हुकमाची वाट बघितल्यासारखी बघायला लागली. मी घाईघाईने "धन्यवाद" म्हटलं आणि खिडकी लावली.

वायरने रेकॉर्डिंग चालूच ठेवलं होतं. तिने हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि लावलं. मला वाटलं, मी नेहमीसारखी कान झाकून घेईन. पण तसं काही झालं नाही. तो आवाज जाड होता, भरलेला होता, आणि त्यात कुणाची परवानगी मागितलेली नव्हती. मला तो आवडला. चारचौघांत सांगायला जरा संकोच वाटतो, पण आवडला तो आवडला. मी तो परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

त्यानंतर मी झपाटल्यासारखी सगळे भाग वाचत सुटले. ऑफिसातून यायचं, चहा घ्यायचा आणि कपाटात शिरायचं. बाबा आल्यागेल्याला "ती कपाटात आहे" असं सहज सांगायला लागले. मैना ऐकायला यायची आणि क्रेनवाली कुणाशी उद्धट बोलली की पलंगावर बसल्या बसल्या उशीला गुद्दे मारायची. अखेर सगळं तयार झालं. वायरने साइटवर चढवलं आणि आम्ही वाट बघत बसलो.

उत्तर लगेच आलं. 'सादर केलेला आवाज खातेदाराच्या नोंदणीकृत आवाजाशी जुळत नाही. दुसऱ्या व्यक्तीचा आवाज स्वतःचा म्हणून वापरणे नियमबाह्य आहे. आपले खाते थांबवण्यात आले आहे.'

मी दोनदा वाचलं तरी डोक्यात शिरेना. मग मैनाने कपाळावर हात मारला. "बशा!" ती म्हणाली.

बशा. माझ्या नावावर, माझ्या खात्यात, माझा म्हणून नोंदलेला आवाज मैनाचा होता. आणि माझा स्वतःचा आवाज तिथे चोरीचा ठरला होता. वायर पलंगाखाली प्लग शोधत असताना आम्ही काय करून ठेवलं होतं ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तिने मला जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मैना बिचारी म्हणाली, "जाऊ दे. मी सगळं परत वाचते. दोन-तीन दिवसांत होईल. निदान गोष्ट तर जाईल."

आणि खरंच गेली असती. महिना संपत आला होता. एवढे दिवस लिहिलेलं सगळं लोकांपर्यंत गेलं असतं, फुलांच्या गुच्छासारखं का होईना. पण मी म्हणाले, "नाही. गेली तर माझ्याच आवाजात जाईल. नाहीतर नाही गेली तरी चालेल." हे मी इतक्या खालच्या पट्टीत बोलले की बाहेर बाबांनी पेपर खाली ठेवला.

साइटला कळवायला 'मदतनीस' नावाची सोय होती. मदतनीस म्हणजे यंत्र. मी लिहिलं, आवाज माझाच आहे, आधीचा माझा नव्हता. मदतनीस म्हणाला, आपल्याला आवाज बदलायचा आहे का? मी लिहिलं, बदलायचा नाही, आहे तोच ठेवायचा आहे. तो म्हणाला, आपली समस्या सुटली याचा आनंद आहे. असं बराच वेळ चाललं. अखेर कुठून तरी एक खरा माणूस उगवला आणि त्याने कळवलं की सदर आवाज आपलाच असल्याबद्दल सक्षम अधिकाऱ्याचा सही-शिक्क्याचा दाखला जोडावा.

वायर म्हणाली, "संपलं."

बाबा म्हणाले, "सुरू झालं." त्यांच्या डोळ्यांत अशी चमक मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिली नव्हती. त्यांनी अर्ज लिहायला घेतला. 'महोदय, उपरोक्त विषयान्वये' इथपर्यंत ते एका दमात आले, मग 'आवाज' या शब्दाला कुठलं विशेषण लावावं यावर अडले. त्यांनी 'भारदस्त' लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

आम्ही सगळे सरकारी कचेरीत गेलो. बाबा, वायर आणि मी. आई म्हणाली, "तुम्ही दोघं बापलेक कुठेही जाता आणि भांडून परत येता," म्हणून तीही आली. मैनाची ड्यूटी होती. पोचल्या पोचल्या बाबांनी अर्जाची एक प्रत आमच्या हातात दिली आणि दुसरी घेऊन ते आवक शिक्क्याच्या रांगेत सुखाने उभे राहिले. आम्ही खिडक्या धुंडाळायला लागलो.

पहिल्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "जन्माचा का?"

"नाही. आवाजाचा."

"तसला दाखला नसतो."

"मग कुठे मिळेल?"

"जो नसतोच तो मिळणार कुठे?" त्यांचंही बरोबर होतं. दुसऱ्या खिडकीत चांगल्या वागणुकीचा दाखला तयार होता, हवा असेल तर तो घेऊन जा म्हणाले. वायर म्हणाली की तो मला बसणार नाही. तिसऱ्या खिडकीवर पाटी होती, 'हयातीचे दाखले'. पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे जिथे दर वर्षी येऊन सांगावं लागतं, ती खिडकी. तिथे आजी-आजोबांची लांबलचक रांग होती. काही बाकावर बसले होते, काहींनी पिशव्या नंबरात लावल्या होत्या. आत एक मॅडम होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर शिक्क्यांचा डबा. त्यांनी बाबांचा अर्ज वाचला, मग परत वाचला.

"आवाज येतो म्हणजे माणूस हयात आहे," त्या विचार करत म्हणाल्या. "म्हणजे तसं बघितलं तर विषय माझाच होतो." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. "पण मी ऐकल्याशिवाय सही करणार नाही. मी समोर बघितल्याशिवाय कुणाला जिवंतसुद्धा म्हणत नाही. बोला."

"काय बोलू?"

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "घसा बसलाय का तुमचा?"

मी तोंड उघडणार एवढ्यात आई पुढे झाली. मला वाटलं, झालं, आता ही म्हणणार, हो हो, जरा हवेचा त्रास झालाय तिला. मी मनातल्या मनात चहा टाकायला निघालेच होते.

"घसा चांगला आहे," आई म्हणाली. "आवाज असा आहे तिचा."

एवढंच म्हणाली आणि पदराने उगीच हात पुसत बसली. मी तिच्याकडे बघतच राहिले. वायरने मला कोपराने ढोसलं आणि फोनवर गोष्ट उघडून पुढे धरली. "वाच," ती म्हणाली.

मी वाचायला लागले. क्रेनवाली वर केबिनमध्ये आहे, वारा सुटलाय, लोखंडाचा भार हेलकावे खातोय, आणि खाली एक माणूस नेमका त्याच्याखाली येऊन फोनवर बोलत उभा राहिलाय. पहिली दोन-तीन वाक्यं मी जवळजवळ पुटपुटलेच. तेवढ्यात मागून एक आजोबा ओरडले, "काय चाललंय? ऐकू येत नाही!"

"मोठ्यानं वाचा हो," एक आजी म्हणाल्या. "इथे कुणाचे कान धड आहेत?"

आयुष्यात मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी श्वास घेतला आणि वाचलं. क्रेनवाली वॉकीटॉकीवर ओरडते, "ए! बाजूला हो! तुझ्याशी बोलतेय मी!" रांगेतले एक आजोबा दचकून खरोखर बाजूला झाले. पहिल्या खिडकीतले गृहस्थ मान बाहेर काढून बघायला लागले. आजी-आजोबा एकेक करत पुढे सरकले, पिशव्यांचे नंबर मोडले तरी कुणी भांडलं नाही. तो माणूस वर बघतो, त्याला क्रेनवाली दिसत नाही, नुसता तिचा आवाज येतो, आणि तिथेच तो भाग संपतो. मी थांबले.

मॅडमनी शिक्क्याचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. "अडचण आहे," त्या म्हणाल्या. "आवाज मी ऐकला. पण हा हिचाच आहे, आधीपासूनचा आहे, हे सांगणारा कुणीतरी साक्षीदार हवा. बऱ्याच वर्षांपासून ओळखणारा."

"मी आहे ना," आई म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"आई."

"रक्ताचं नातं चालत नाही हो. बाहेरचं माणूस पाहिजे."

आईने पिशवी खाली ठेवली. आई पिशवी खाली ठेवते तेव्हा भाजीवालेसुद्धा भाव कमी करतात. "का चालत नाही?" ती म्हणाली. "हिचा पहिला आवाज मी ऐकलाय. ही जन्मली तेव्हा असा टाहो फोडला होता की नर्स म्हणाली, मुलगा दिसतोय. मी बघितलंसुद्धा नव्हतं, तरी म्हटलं, नाही, मुलगी आहे. मला आवाजावरून कळलं. तेव्हा कुठे होतं तुमचं बाहेरचं माणूस?"

मला समोरचं नीट दिसेना. ही गोष्ट आईने मला कधी सांगितली नव्हती. वायर उगीचच पर्समध्ये काहीतरी शोधत होती आणि नाक ओढत होती.

मॅडमनी पेन उचललं आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होत्या, बहुधा सवयीने. "सदर आवाज अर्जदार महिलेचाच असून तो मी समक्ष ऐकला आहे. तसेच अर्जदाराच्या मातोश्रींनी तो जन्मापासून ओळखला आहे." मग शिक्का उचलला आणि असा दणकून मारला की टेबलावरचा चहा हिंदकळला. तोवर बाबा आवक शिक्का घेऊन विजयी मुद्रेने आले. सगळं आटोपलंय हे कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. "निदान एखादी त्रुटी तरी निघाली का?" त्यांनी विचारलं.

वायरने तिथेच दाखल्याचा फोटो काढून साइटला पाठवला. पलीकडे आज खरा माणूस जागेवर असावा, कारण आम्ही खिडकीपासून हलायच्या आत तिच्या फोनवर टिंग झालं. तिने वाचलं आणि मला मिठीच मारली. 'आपला आवाज खात्यावर नोंदवण्यात आला आहे. सर्व भाग स्वीकारले.'

आम्ही निघालो. पण रांग वाट देईना.

"ओ बाई, असं कसं?" मघाचे बाजूला झालेले आजोबा म्हणाले. "त्या माणसाचं काय झालं? लोखंड पडलं का त्याच्यावर?"

"आजोबा, सगळं साइटवर येणार आहे. तिथे ऐका ना."

"आम्हाला नाही येत ते साइट-बिइट. तुम्हीच सांगा."

"मॅडम खोळंबल्यात," मी म्हटलं. मॅडमनी खिडकीतून 'जेवणाची सुट्टी' ही पाटी बाहेर लावली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

मी आईकडे बघितलं. ती बाकावर दोन आजींच्या मध्ये जागा करून बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. तिलाही माहीत नव्हतं त्या माणसाचं पुढे काय झालं. घरात इतके दिवस कपाटाबाहेरून तिला नुसती पुटपुट ऐकू आली होती.

"सांग की गं," आई म्हणाली. "आणि जरा मोठ्यानं सांग. मागच्यांना ऐकू येत नाही."